हिरवा ठिपका

"दाबू का?"

असं विचारून तो उजव्या हाताचं बोट शर्टाला पुसायचा, एंटरच्या बटनावर नेऊन हवेतच धरायचा आणि आजूबाजूला बघायचा. कुणीतरी "दाबा की हो!" म्हटल्याशिवाय ते बोट खाली येत नसे. दाबताना डोळे मिटायचा. स्क्रीनवर काय झालं ते शेजारच्यानं सांगायचं, मग हा डोळे उघडणार. तुम्ही म्हणाल, नवीन असेल, शिकताना कुणीही भितो. अहो, कोर्स संपत आला तरी हेच! आमच्या क्लासात कोडिंग शिकायला आलेला इतका भित्रा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

क्लास गारखेड्यात, एका चपलांच्या दुकानाच्या वर. मी तिथं मुलांना इंग्रजी बोलायला आणि मुलाखतीत कसं बसायचं ते शिकवते. कोडमधलं मला ओ की ठो कळत नाही आणि त्याची मला लाजही वाटत नाही. माणसं मात्र बरी कळतात, आणि हा माणूस पहिल्या दिवशीच कळला. बाकीची पोरं विशी-बाविशीतली, कानात बोंडं घातलेली. हा पस्तिशीचा, कपाळाला भंडारा लावून दारात उभा. आत येऊ का, असं कुणाला विचारावं तेच त्याला कळेना. शेवटी वर्गातल्या सनानं, ती जुन्या शहरातली, जिभेची मोठी तिखट पोरगी, हाक मारली, "अरे मामू, आओ ना अंदर, कोई खाता नै यां." तेव्हापासून सगळे त्याला मामा म्हणायला लागले. मीही. त्याचं खरं नाव हजेरीपुरतं उरलं.

तो सिल्लोडकडच्या एका खेड्यातला, धनगराच्या घरचा. थोरला भाऊ अजून मेंढरांमागं असतो. हा शिकला, इथं एमआयडीसीतल्या कंपनीत कंत्राटावर लागला, पुढं नवी यंत्रं आली आणि कंत्राटाची माणसं घरी गेली. बायको डबे करून द्यायची. तिनंच याला ढकलत क्लासला आणून सोडलं. तिला वाटलं, कॉम्प्युटरचं काम म्हणजे सावलीतलं काम.

सावलीत बसूनही याला घाम फुटायचा, तो भाग वेगळा. लिफ्टला घाबरायचा, इंग्रजीला घाबरायचा. माझ्या तासाला तर अशा ठिकाणी बसायचा की मधे खांब यावा. कीबोर्डावरच्या डिलीटच्या बटनावर त्यानं कागदाचा तुकडा चिकटवला होता.

"हे काय हो मामा?"

"चुकून बोट गेलं तर मॅडम?"

"गेलं तर गेलं. पुन्हा लिहायचं."

"समदंच पुन्हा लिव्हता येतं व्हय?" तो म्हणाला.

आमच्या क्लासात एक रीत आहे. दर शनिवारी शिकणारे आणि शिकून गेलेले सगळे जमतात आणि एकेकानं पुढं येऊन अपडेट द्यायचा. या आठवड्यात काय केलं, कुठं अडलं, पुढं काय. कुणाला नोकरी लागलेली असते, कुणाची गेलेली असते, कुणी मुलाखतीच्या दुसऱ्या राउंडला पोचलेला असतो. बोलणारा थांबला की टाळी वाजवायची. अपडेट बरा असो की वाईट, टाळी द्यायचीच, हा क्लास चालवणाऱ्या सरांचा नियम. पोरांना तर त्याची इतकी सवय झालीय की आवाज थांबला की मागच्या रांगेचे हात आपोआप उठतात.

मामाचे अपडेट ऐकायला मात्र लोक मुद्दाम थांबायचे. "सोमवारी बटन निळं केलं," तो खाली बघून सांगायचा. "मंगळवारी ते दिसंना झालं. बुधवारी घावलं, पन लाल झालं होतं. का झालं ते म्या विचारलं नाय, हाय तसं ठिवलं." हसून हसून पोटं दुखायची. तोही हसायचा, पण सगळे हसतात म्हणून.

मग प्रोजेक्टची वेळ आली. सगळी पोरं तेच ते करतात, जेवण मागवायचं अॅप, नाहीतर कपड्यांचं दुकान. मामा म्हणाला, "मी सापाचं करतो."

वर्गात पुन्हा हशा. सर म्हणाले, "भित्यापाठी ब्रह्मराक्षस!" हा मात्र या खेपेला हसला नाही. मेंढरामागं हिंडणाऱ्याचं अंथरूण रानात असतं, त्याला साप नवा नाही. याचा एक चुलता असाच गेला होता. कुठल्या दवाखान्यात सापाचं इंजेक्शन आहे ते ठाऊक नाही, म्हणून एकातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात. "तिसऱ्यात इंजेक्शन व्हतं," मामा म्हणाला, "पन तवर चुलता ऱ्हायला नव्हता."

त्यानं जिल्ह्याचा नकाशा केला. प्रत्येक दवाखान्याचा एक ठिपका. इंजेक्शन असेल तिथं ठिपका हिरवा, नसेल तिथं लाल. आपण कुठं आहोत ते सांगितलं की जवळचा हिरवा ठिपका मोठा होऊन लुकलुकायचा. मला त्यातलं काही कळत नसूनही मी दोनदा बघितलं. त्याच्या हातून इतकी देखणी गोष्ट होईल असं कुणालाच वाटलं नव्हतं.

आता यातली मेख ऐका. कोणत्या दवाखान्यात आज इंजेक्शन आहे, हे या गरिबाला कोण सांगणार? अशा वेळी क्लासातली पोरं जे करतात तेच त्यानं केलं. डेमोपुरता खोटा डेटा भरला. तोही एकदा भरून सोडला नाही. नकाशा उघडला की कुठला ठिपका हिरवा आणि कुठला लाल, ते कॉम्प्युटर त्या वेळी चिठ्ठ्या उचलल्यासारखा ठरवायचा. म्हणजे तुम्ही उघडला तर एक गाव हिरवं, मी उघडला तर तेच गाव लाल. खाली करड्या बारीक अक्षरात इंग्रजीत लिहिलं होतं की हा नमुन्याचा डेटा आहे. अशी ओळ सगळेच लिहितात, आणि ती कुणी वाचत नाही.

सरांचा दुसरा नियम असा की प्रोजेक्ट लाइव्ह पाहिजे. लिंक उघडली की जगात कुणालाही दिसला पाहिजे, तरच तो प्रोजेक्ट. डेमोच्या दिवशी मामानं बोट शर्टाला पुसलं आणि विचारलं, "दाबू का, सर?"

"दाबा मामा, बिनधास्त दाबा!"

टाळ्या काय पडल्या म्हणून सांगू! सरांनी व्हिडिओ काढला, लिंकसकट सगळीकडं टाकला. 'मेंढपाळाच्या मुलानं बनवला जीव वाचवणारा नकाशा.' पुण्याच्या एका कंपनीनं तो बघून मामाला मुलाखतीला बोलावलं. त्याच्या बायकोनं क्लासात पेढे वाटले. मला पेढा देताना ती म्हणाली, "मॅडम, आता तरी हे झोपतील शांत."

कुठलं काय. पुढच्याच आठवड्यात तो माझ्या खोलीच्या दाराशी आला. चेहरा असा की मला वाटलं घरी कुणी गेलं. त्यानं मोबाइल पुढं केला. नकाशा कुणी, कुठून, कधी उघडला ते त्याला दिसायचं.

"हे बघा मॅडम. सिल्लोडकडची गावं हायेत. झुंजुमुंजू व्हताना उघडायलेत लोक."

"मग चांगलंच की. बघतायत तुमचं काम."

"नाय वो मॅडम. काम बघायला आलेला मानूस हिकडं तिकडं बोट फिरवतो. ही मानसं आपलं गाव टाकतेत, हिरवा ठिपका बघतेत आन जातेत. कुटं जात आसतील?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. लोक त्या ठिपक्याकडं चालले होते. त्यांच्या गावच्या ग्रुपांवर ती लिंक फिरत होती, खाली 'आपल्याच पोरानं केलंय' असं लिहून.

"काढून टाका," मी म्हटलं. "आत्ताच्या आत्ता."

काढायची चावी सरांकडं होती, सगळे प्रोजेक्ट क्लासच्या खात्यावर. मी त्याला हाताला धरून सरांकडं नेलं. सर माणूस वाईट नाही, पण त्याला जाहिरातीपुढं दुसरं दिसत नाही. म्हणाला, "मॅडम, सोमवारी याची मुलाखत आहे. कंपनीवाले लिंक उघडून बघणार. तिथं काहीच नसेल तर? मंगळवारी काढू. आणि खाली लिहिलंय की नमुना म्हणून." मी चिडले. तिथंच दोन शब्द सुनावले. मामा मात्र सरांपुढं नुसता उभा, हात बांधून. बाहेर आल्यावर मी त्याच्यावरही ओरडले, "अहो, मूग गिळून काय बसलात? बोला ना!"

"लई भ्याव वाटायलंय मॅडम," तो म्हणाला. "हातची नोकरी गेली तर बायकोला काय सांगू? आन कुनी गेलं तर कुनाला काय सांगू?"

मग शनिवार आला. मामाचा नंबर आला तसा तो पुढं जाऊन उभा राहिला. काय सांगावं ते त्याला सुचत नव्हतं. "या आठवड्यात..." एवढं म्हणाला आणि त्याचा फोन वाजला. त्याच्या फोनचा कानाशी धरायचा आवाज गेलेला होता, त्यामुळं तो स्पीकर लावूनच बोलायचा आणि जवळच्यांना सगळं ऐकू जायचं.

"हॅलो, दादा?"

"आरं, तुझ्या वहिनीला पान लागलं."

साप चावला असं ती माणसं तोंडानं म्हणत नाहीत, पान लागलं म्हणतात. काढलेल्या मक्याच्या रानात त्यांची मेंढरं बसवली होती, आणि कडब्याची पेंढी उचलताना वहिनीच्या हाताला डसला होता. हे सगळं भाऊ धापा टाकत सांगत होता. मागं गाडीचा खडखडाट.

"कुटं हायेत तुमी?" मामानं विचारलं.

"टेम्पो गावला, निघालोत. तू घाबरू नकू. डायवरनं तुझा नकाशा उघडलाय. म्होरल्या गावात हिरवा ठिपका हाय, तिकडंच चाललोत."

मामानं दुसऱ्या हातानं टेबलावरच्या कॉम्प्युटरवर नकाशा उघडला. मी शेजारीच होते. ते गाव लाल होतं.

"दादा, ते खोटं हाय," तो म्हणाला.

"काय खोटं?"

"ठिपका. म्याच केलाय, पन खोटा हाय. तिथं इंजेक्शन हाय का नाय ते मला ठावं नाय."

भाऊ म्हणाला, "आसं कसं? तू केलंय म्हनून तर निघालो."

मामा गप्प झाला. आणि बोलणारा गप्प झाला म्हणून मागच्या रांगेतल्या नव्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना बिचाऱ्यांना नीट ऐकूच गेलं नव्हतं.

"गप्प बसा रे मेल्यांनो!" मी ओरडले. मग जो तो फोनला लागला. दवाखान्यांचे नंबर शोधायचे, लावायचे. एक लागत नाही, एक उचलत नाही, एकजण म्हणतो उद्या फोन करा. सना टेबलावर चढून बसली होती आणि कुणाशी तरी भांडत होती, "भाई, इंजेक्शन है क्या नै इत्ता बोलो! रुको बोलके फोन नक्को रखो, यां जान का सवाल है!" तिला शेवटी त्या हिरव्या ठिपक्याच्या दवाखान्यातला माणूस सापडला. इंजेक्शन संपलेलं होतं. पुढं न्या, म्हणाला.

सिल्लोडच्या दवाखान्याचा फोन मी लावला. तिकडच्या सिस्टर म्हणाल्या, "आहे, ताबडतोब आणा." मी म्हटलं, "बाई, तुम्ही उठून कपाट उघडून बघा आणि मग सांगा." त्या जरा चिडल्या, पण उठल्या. बघून आल्या आणि म्हणाल्या, "आहे हो, डोळ्यांनी बघितलंय."

मामा भावाला म्हणाला, "दादा, गाडी वळव. सिल्लोडला चल."

"हे तरी खरं हाय ना?" भावानं विचारलं.

सख्ख्या भावानं असं विचारावं! मामानं माझ्याकडं बघितलं. मी फोन घेतला आणि म्हटलं, "खरं आहे दादा, मी आत्ता स्वतः विचारलंय. वळवा." टेम्पो वळला.

मग वाट बघणं. मामा खाली फरशीवर बसला होता, पाठ भिंतीला लावून. कुणी पाणी दिलं, ते हातातच राहिलं. सर दोनदा त्याच्याजवळ आले, दोनदा परत गेले, आणि मग न बोलता आपल्या खुर्चीत बसून त्यांनी नकाशा काढून टाकला. मी मनातल्या मनात सगळे देव पाण्यात घातले. बऱ्याच वेळानं भावाचा फोन आला. पोचले होते, इंजेक्शन सुरू झालं होतं, वहिनी बोलत होती. मामा ढसाढसा रडला. मी बायकांना रडताना पुष्कळ पाहिलंय, पुरुषाला असं रडताना पाहून मलाच कुठं बघावं कळेना.

वहिनी वाचली. हात कोपरापर्यंत काळानिळा झाला होता, पण वाचली. दुसऱ्या दिवशी मी आणि सना भेटायला गेलो. भाऊ बाहेर पायरीवर बसला होता, डोक्याला मुंडासं, हातात काठी. मामा त्याच्यापुढं मान खाली घालून उभा. मला वाटलं आता दोन ठेवून देतो याला. बरं झालं असतं एका अर्थी. भाऊ म्हणाला, "नकाशा बेस हाय रं तुझा. नुस्ता खरा कर."

शिवी दिली असती तर मामाला सोसली असती. हे मात्र सोसवलं नाही.

खरा करायचा प्रयत्न त्यानं केला. आठवडाभर सकाळी उठून दवाखान्यांना फोन लावले. पण सकाळी आहे म्हणणारा दुपारी संपलं म्हणतो, कुठं फोनच उचलत नाहीत. एकही ठिपका हिरवा करायला त्याचं बोट धजेना. शेवटी त्यानं सरांकडून चावी घेऊन त्या लिंकवर मोठ्या मराठी अक्षरांत एवढंच लिहिलं: 'इथं बघत बसू नका. अँब्युलन्सला फोन करा, सरळ मोठ्या दवाखान्यात जा.' दुसरं काही नाही. सर म्हणाले, हा काय प्रोजेक्ट झाला? मी म्हटलं, क्लास सुरू झाल्यापासूनचा हा पहिला कामाचा प्रोजेक्ट आहे.

सोमवारच्या मुलाखतीलाही तो गेला होता. मी पढवून पाठवलं होतं, हात कुठं ठेवायचे, नजर कुठं ठेवायची. त्यांनी विचारलं, तुमचा नकाशा किती लोकांनी वापरला? यानं सांगितलं, "म्हाईत नाय साहेब. एक म्हाईत हाय, माझी वहिनी. ती दवाखान्यात हाय." पुढं पुण्याहून काही आलं नाही. नंतर इथंच एका लहानशा कंपनीत त्याला तपासनिसाचं काम लागलं. दुसऱ्यांनी केलेलं अॅप लोकांसमोर जाण्याआधी सगळीकडून दाबून बघायचं आणि चुका काढायच्या. भिणाऱ्या माणसाला याहून चांगली नोकरी कुठली? तिथं त्याला मान आहे म्हणे. मामानं हो म्हटल्याशिवाय काही बाहेर जात नाही. शनिवारी त्यानं हा अपडेट दिला तेव्हा मी स्वतः उभी राहून टाळ्या वाजवल्या. मला वाटलं, सुटला बिचारा.

कशाचा सुटतोय! लिंकवरचं काढता येतं, पण लोकांनी नकाशाचे फोटो काढून ठेवले होते. कुणी एका सकाळी उघडलेला, कुणी दुसऱ्या सकाळी, ते हिरवे ठिपके तसेच थिजलेले. ते फोटो ग्रुपांवर फिरायला लागले. 'पुढे पाठवा, एखाद्याचा जीव वाचेल.' गावाकडच्या एकानं मामालाच पाठवला तेव्हा त्याला कळलं.

त्या दिवसापासून त्यानं एक धरलं. आठवडाभर कंपनी आणि शनिवार-रविवार गावं. एसटीनं जायचं, हॉटेलात चहा मागवायचा, शेजारच्याला विचारायचं, तुमच्या मोबाइलात असं चित्र आहे का? असलं तर पुसा म्हणून पाया पडायचं, आणि कुणाकडून आलं ते विचारून पुढच्या गावाला जायचं. लोक पुसतात का? "राहू द्या की पाव्हणं, कामाला येतं," म्हणतात. एका गावात तर कुणी भल्या माणसानं तो फोटो छापून शाळेच्या भिंतीला डकवला होता. हा फाडायला गेला तर गावकऱ्यांनी धरला. "चांगल्या मानसानं केलंय ते, तू कोन फाडनार?" हा म्हणतो, "मीच केलंय." त्यावर ते आणखी भडकले. मार खाता खाता वाचला. हे सांगताना तो हसला, मीही हसले.

त्याची बायको मला औरंगपुऱ्यात भाजी घेताना भेटली. डबे आता तिनं कमी केलेत, पण तोंडावर सुख नाही. म्हणाली, "मॅडम, तुम्ही तरी सांगा त्यांना. फोन वाजला की ताटावरून उठतात. सकाळी पेपर आला की आधी साप चावून कोन गेलं ते बघतात, मग गाव बघतात. मग त्या गावाला आपला हिरवा ठिपका व्हता का, ते आठवत बसतात. आठवणार कसं? ते दर खेपेला बदलायचं." मी म्हटलं, दिवस गेले की भीती जाते. म्हणताना मला स्वतःलाच ते पटलं नाही. कुणी गेलंय की नाही, हे त्याला कधीच कळणार नाही. आणि कळलं नाही तरी त्याची सुटका नाही.

शनिवारी तो आता येत नाही. नव्या पोरांना तो माहीतही नाही. त्यांचे अपडेट चालू असतात, लाइव्ह झालं, लाइव्ह झालं. मी पुढच्या खुर्चीवर बसून प्रत्येकाला एकच विचारते, "यातलं खरं किती आणि भरलेलं किती?" पोरं मागं मला खडूस म्हणतात. म्हणोत.

परवा माझ्या विहीणबाईंचा मेसेज आला. त्या जालन्याच्या पुढं एका खेड्यात असतात, लेकीचं सासर ते. उघडला तर तोच नकाशा. खालची करडी इंग्रजी ओळ कुणीतरी कापून टाकली होती आणि वर लाल अक्षरात 'खात्रीशीर माहिती' असं चिकटवलं होतं. खाली विहीणबाईंनी लिहिलं होतं, तुमच्या भागातलं आहे, तुमच्याकडच्या सगळ्यांना पाठवा.

मी मामाला फोन लावला. तो सिल्लोडच्या एसटी स्टँडवर होता, मागं गाड्यांचा आणि माणसांचा गलका. मी सांगितलं. त्यानं विचारलं, "मॅडम, त्यांच्याकडं कुनाला काय झालं तर नाय ना?"

"नाही हो. सगळे खुशाल आहेत."

"गाव कोनतं?"

"अहो, तिथं कशाला जाताय एवढ्या लांब? मी फोन करते, त्या पुसून टाकतील."

"त्यांनी कुनाकुनाला पाठवलं?"

ते मी विचारलं नव्हतं. मी गावाचं नाव सांगितलं. तो "बरं" म्हणाला, पण फोन बंद करायचा विसरला. मीही तसाच धरून राहिले. चौकशीच्या खिडकीशी जाऊन तो त्या गावाची गाडी विचारत होता, आणि आतला माणूस सांगत होता, आजची गेली, आता उद्याच.

"मग म्या थांबतो हितंच," तो म्हणाला.